पोलोकर, मुक्काम पोस्ट धाराशिव

पोलोकर गाडीतून उतरले की लगेच चालू लागत नाहीत. आधी दार लावतात. लागलेलं दार पुन्हा उघडतात, पुन्हा लावतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघतात. 'धप्प' असा भरीव आवाज येतो. "ऐकलं का? तुमच्या मारुतीचं वाजतं का असं?" समोरचा माणूस दहाव्याला आलेला असतो, कावळा शिवतो की नाही या काळजीत असतो, पण दार ऐकल्याशिवाय त्याची सुटका नसते.

हे कुणा एकाचं आडनाव नव्हे. पुण्यात कुणीतरी आठ-दहा वर्षं वापरलेली फोक्सवॅगन पोलो जो विकत आणतो आणि आणल्या दिवसापासून बाकीच्या गाड्यांना 'डबा' म्हणू लागतो, तो पोलोकर. धाराशिवात आहेत, तुळजापूर-उमरग्यात आहेत, कळंबला आहेत. कुणी झेडपीचे गुरुजी, कुणी ठेकेदार, कुणी सोयाबीनचे आडते. सोयीसाठी आपण कृषी सेवा केंद्रवाले पोलोकर समोर धरू. या जमातीतले ते सगळ्यात बोलके, आणि त्यांच्या दुकानातली प्लास्टिकची एक खुर्ची ऐकणाऱ्यासाठी कायम मोकळी असते.

जिल्ह्याची पाटी एमएच-25. पोलोकरांच्या गाडीची एमएच-12. राज्यातल्या राज्यात गाडी हातबदल झाली तरी नंबर तोच राहतो. परिवहन खात्याची ही साधी सोय पोलोकरांनी स्वतःच्या कर्तृत्वात जमा केली आहे. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी पाटी लावायचा हुकूम निघाला तेव्हा त्यांनी 745 रुपये आणि वर जीएसटी मुकाट भरला. काळजी एकच होती, पाटी बदलताना 12 चं 25 तर होणार नाही ना.

गाडी घेण्याआधी त्यांचा अभ्यास दांडगा झाला होता. बियाण्याच्या पिशव्या मोजता मोजता त्यांनी मोबाइलवर पोलोचे इतके व्हिडिओ पाहिले, की गिऱ्हाइकाला तणनाशकाचं प्रमाण सांगताना तोंडून 'टॉर्क' निघे. पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक गाडी डॉक्टरची असते, त्यातही बाई डॉक्टरची, आणि ती फक्त घर ते दवाखाना एवढीच फिरलेली असते. हे सगळं खरं धरलं तर पुण्यात रोग्यांपेक्षा डॉक्टर जास्त निघतील. पोलोकरांनी तयारीने पाहणी केली. पुरात बुडालेली गाडी वासावरून कळते म्हणून खालच्या मॅटला नाक लावलं. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हे सगळं बरोबरच होतं. मागच्या सर्व्हिसची कागदं मात्र मागितली नाहीत, कारण तोवर दार लावून बघून झालं होतं.

गाडी जीटी टीएसआय. 1197 सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 पीएस, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक. 2013 मध्ये हे मॉडेल आलं तेव्हा शोरूमची किंमत आठ लाखांच्या उंबरठ्यावर होती. पोलोकरांना ती साडेतीन लाखांत पडली. म्हणजे साडेचार लाख वाचले. हे साडेचार लाख त्यांच्याकडे कधीच नव्हते. पण ते वाचले आहेत, आणि गाडीचा पुढचा सगळा खर्च त्यातूनच चालतो. बुश बदलला, वाचलेल्यातून. कॉइल गेली, वाचलेल्यातून. हा निधी आटत नाही. राज्याच्या अर्थखात्याने एकदा येऊन पाहावा अशी ती व्यवस्था आहे.

"गाडी जर्मन आहे," हे त्यांचं लाडकं वाक्य. ती बनली चाकणला. फोक्सवॅगनचा तिथला कारखाना 2009 मध्ये सुरू झाला, 2010 पासून पोलो भारतात विकली गेली आणि 2022 मध्ये तिचं इथलं उत्पादन थांबलं. चाकण म्हणजे कांद्याचा बाजार हे पोलोकरांना पक्कं ठाऊक आहे, तिथे त्यांचे पाहुणे आहेत. तरीही जर्मनी. आता नवी मिळत नाही म्हणून जुनीची किंमत टिकेल, असा त्यांचा हिशेब आहे. नवी मिळत नाही म्हणून पार्टची वाट बघावी लागेल, असा सांजा रोडवरच्या मिस्त्रीचा. दोघांचेही हिशेब बरोबर निघाले आहेत.

सुरक्षिततेवर पोलोकर हळवे होतात. "फोर स्टार गाडी आहे." इथे त्यांच्या जातभाईंची एक गंमत सांगायला हवी. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातली पोलो आपटून पाहिली. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, दोन एअरबॅगवालीला चार; आणि कंपनीने सगळ्याच पोलोंना दोन एअरबॅग देऊन टाकल्या. कृषी सेवा केंद्रवाल्यांच्या जीटीला एअरबॅग आहेत, त्यांनी मिरवावं. पण त्यांचे एक स्नेही, गुरुजी पोलोकर, 2011 ची बिनएअरबॅगची साधी पोलो फिरवतात आणि तेच चार तारे सांगतात. कुणीतरी त्यांना ती चाचणी दाखवली. त्यांनी शांतपणे विचारलं, "पत्रा तोच आहे ना?"

खरी परीक्षा रस्ता घेतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच असावा, त्यावरून ताशी 25 किलोमीटरने गाडी सुखाने जावी. आपल्याकडे गावाच्या वेशीवर एखादं वासरू दगावलं की त्या रात्रीच गतिरोधक उभा राहतो, आणि त्याची उंची गावाच्या रागावर ठरते. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्याला पाडलेल्या चाकोऱ्या वेगळ्या. या रस्त्यावर पोलोचे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि पुढच्या शॉकॲब्झॉर्बरची माउंटिंग फार दिवस गप्प राहत नाहीत. ही पोलोची जगजाहीर दुखणी आहेत. जीवघेणं त्यात काही नाही, पण आवाज करतात. आणि ज्या माणसाने आवाज ऐकून गाडी घेतली, त्याला कुठलाच आवाज सोडवत नाही.

मिस्त्रीकडचं संभाषण साधारण असं चालतं.

"मिस्त्री, डावीकडनं कट्-कट् येऊलालंय."

"कवा?"

"दुसऱ्या गिअरला. वीसच्या स्पीडला. एसी बंद असला की."

"एसी चालू असला की?"

"तवा एसीचा आवाज येतो."

मिस्त्री गाडी जॅकवर चढवतो. चाक वरखाली दोन्ही हातांनी धरून हलवतो, मग आडवं धरून हलवतो. पहारीचं टोक लोअर आर्मच्या खोबणीत घालून दाब देतो, तेव्हा बुशाचं रबर चिरलेलं दिसतं आणि त्यातून बारीक काळी माती गळते. पोलोकर पँट वर ओढून उकिडवे बसतात, मोबाइलचा उजेड पाडतात, फोटो काढतात. "लिंक रॉड गेला, बुश गेला, वरचं माउंटिंग बी जाऊलालंय," मिस्त्री म्हणतो. पोलोकरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. निदान आपलं होतं तेच निघालं! खर्चाचा आकडा ऐकायच्या आधीच ते फोन लावून हे स्नेह्यांना कळवतात.

पार्ट पुण्याच्या नाना पेठेतून येतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे खोकं देतात, पोलोकर पहाटे थांब्यावर जाऊन उतरवून घेतात. स्कोडा रॅपिड, फोक्सवॅगन व्हेंटो आणि पोलो यांचे बरेचसे पार्ट एकच, हे ज्ञान त्यांनी अशाच पहाटे मिळवलं. एकदा त्यांनी ओरिजिनल लेमफोर्डर कंपनीचा बुश मागवला आणि तो डबा मिस्त्रीसमोर हळूच उघडला. मिस्त्रीने बुश उलटसुलट करून बघितला. "चांगला हाय," तो म्हणाला, "पण गतिरोधकाला कंपनी वाचता येत नाय."

काचेचं प्रकरण त्यामानाने किरकोळ. पोलोच्या काचा वरखाली करणारी यंत्रणा, तिचे प्लास्टिकचे क्लिप, वय झालं की तुटतात आणि काच दारात घसरते. पोलोकरांची काच येडशीच्या अलीकडे ऐन पावसात गेली. डिकीत जे होतं ते त्यांनी लावलं. 105 पीएसची ती प्रीमियम हॅचबॅक चालकाच्या बाजूला '10:26:26' छापलेलं खताचं पोतं मिरवत धाराशिवात शिरली. दुसऱ्या दिवशी दुकानावर दोघंजण त्या खताचा भाव विचारून गेले.

डीएसजी मात्र किरकोळ नाही.

या गिअरबॉक्सचं कारखान्यातलं नाव डीक्यू200. त्यात दोन क्लच असतात, आणि ते कोरडे असतात, म्हणजे त्यांना थंड करायला तेल नसतं. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. पुढचा गिअर आधीच तयार ठेवलेला असल्याने बदल इतका झटपट होतो की मांडीवरच्या डब्यातली आमटी हलत नाही. पण गर्दीत इंच इंच सरकत राहिलं की क्लच तापतात. आणि हे सगळं चालवणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग, म्हणजे तेलाचा दाब आणि इलेक्ट्रॉनिक मेंदू यांचं एकत्र कुटुंब, मधूनच रुसतो. हे दुखणं एकट्या धाराशिवाचं नाही. 2013 मध्ये चीनमध्ये ग्राहक दिनाच्या टीव्ही कार्यक्रमात याच डीएसजीवर बोट ठेवलं गेलं, आणि फोक्सवॅगनला तिथल्या 3 लाख 84 हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पोलोकरांना हे सांगितलं तर ते म्हणतात, "चिन्यांना गाडी चालवता येत नाही."

मग शारदीय नवरात्र आलं. घरच्यांना घेऊन ते तुळजापूरला निघाले. वाट झकास कटली, पोलोकर म्हणाले, "बघा, सातवा कसा पडला." गावात शिरल्यावर मात्र पाऊण तास गाडी भाविकांच्या मागे गोगलगायीच्या चालीने सरकत राहिली. शेवटी एका लॉजच्या भिंतीपाशी जागा मिळाली. पोलोकरांनी गाडी भिंतीकडे तोंड करून लावली, दार लावलं, पुन्हा लावलं, दर्शनाला गेले. परत आल्यावर रिव्हर्स टाकला. समोरच्या पडद्यावर गिअरची अक्षरं लुकलुकू लागली आणि गाडी जागची हलेना. सम संख्येचं खातं बंद पडलं होतं. दुसरा, चौथा, सहावा आणि त्यांच्यासोबत रिव्हर्स. पुढे जायला गाडी तयार होती. पुढे भिंत होती.

पाठीमागे प्रसादाच्या दुकानांची रांग, डावीकडे एमएच-13 ची जीप, उजवीकडे मोटारसायकलींचं जंगल. पोलोकरांनी गाडी बंद करून चालू केली. असं केलं की कधी कधी तात्पुरती बरी होते. झाली नाही. मग न्यूट्रल. आराधी बायका, पोत घेऊन चाललेली पोरं आणि कर्नाटकातून चालत आलेले दोन धडधाकट भाविक पुढे झाले आणि 'आई राजा उदो उदो'च्या गजरात जर्मन अभियांत्रिकी उलटी ढकलत रस्त्यावर आणली गेली. सौ. पोलोकर मागच्या सीटवर परडी धरून बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून एवढंच विचारलं, "अहो, हेही वाचलेल्यातूनच का?"

तेव्हापासून पोलोकर गाडी कुठेही लावताना तोंड रस्त्याकडे करून लावतात. लग्नात, बाजारात, तलाठी कार्यालयात. लोकांना ती शिस्त वाटते.

या प्रसंगानंतर त्यांनी डॅशबोर्डाखाली लावायचं स्कॅनर घेतलं. ते मोबाइलला जोडलं की गाडीच्या मनातलं कोडमध्ये उमटतं. डीक्यू200 चे मालक ज्याला टरकून असतात तो 'पी17बीएफ' त्यांच्या मोबाइलवर आला, तेव्हा त्यांनी तो पत्रिकेतल्या शनीसारखा दोन पाहुण्यांना समजावून सांगितला. मेकॅट्रॉनिकमधल्या तेलाच्या पंपाचा दाब राहत नाही असा त्याचा अर्थ. नवा भाग टाकायचा तर मजुरीसकट खर्च लाखाच्या पलीकडे जातो. अधिकृत सर्व्हिस सोलापूरला. पोलोकर शेवटी पुण्याला गेले, तिथे जुनाच भाग उघडून दुरुस्त करणारा कारागीर सापडला. दुरुस्तीचा खर्चही थोडका नव्हता. पण लाखाच्या आत बसला. घरी येऊन पोलोकर म्हणाले, "पुन्हा वाचले."

डिझेलवाल्या पोलोकरांची तऱ्हा वेगळी. त्यांना क्लचची चिंता नाही, इतिहासाची आहे. 2015 मध्ये फोक्सवॅगनची उत्सर्जनाची लबाडी जगभर उघडी पडली, आणि त्या डिसेंबरात कंपनीने भारतातल्या 3 लाख 23 हजारांवर डिझेल गाड्या सॉफ्टवेअर बदलायला परत बोलावल्या. डिझेलवाल्याला कुठलीही तक्रार विचारा, ॲव्हरेज कमी का, चढाला दम का लागतो, तो म्हणणार, "सॉफ्टवेअर बदललं ना त्यांनी!" ईजीआर व्हॉल्व्हमध्ये कोळशाचा थर बसलाय हे तो मान्य करणार नाही. टायमिंग बेल्टचा विषय काढला की डिझेलवाला विषय बदलतो. तो बेल्ट ऐनवेळी तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन समोरासमोर भेटतात, आणि त्या भेटीचा खर्च बेल्टच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो.

पेट्रोलवाल्यांच्या वाट्याला आता नवं दुखणं आलं आहे, आणि धाराशिव जिल्ह्यात ते जरा घरगुती आहे. पंपांवर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. 2023 च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. ॲव्हरेज थोडं घटतं हे सरकारही मान्य करतं. पोलोकर दुकानात बसून या धोरणावर तोंडसुख घेतात. जुन्या रबरी नळ्यांचं काय होणार, इंजेक्टरचं काय होणार, सगळं सांगतात. आता कळंब तालुक्यात रांजणीच्या नॅचरल शुगरसारखा कारखाना इथेनॉल करतो, आणि पोलोकरांच्या चार एकरांतला ऊस दरवर्षी कारखान्यालाच जातो. उसाला भाव मिळावा म्हणून इथेनॉलचं प्रमाण वाढवा, या मागणीच्या निवेदनावर पोलोकरांची सही आहे. मिस्त्रीने एकदा हे काढलं. पोलोकर म्हणाले, "ते शेतकरी म्हणून. हे गाडीमालक म्हणून."

खर्चाची नोंद सौ. पोलोकर ठेवतात, खताच्या कंपनीने दिवाळीला दिलेल्या डायरीत. पोलोकरांना ती डायरी आवडत नाही, कारण तीत 'वाचले' असा रकानाच नाही. ऑइल आणि फिल्टर. बुश. पुन्हा बुश. इग्निशन कॉइल. थर्मोस्टॅटच्या प्लास्टिकमधून कूलंट गळत होता ते. एसीची कूलिंग कॉइल, ऐन एप्रिलात, पारा चाळिशीपार गेलेला असताना. थर्ड पार्टी विमा, 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला 3,416 रुपये, वर जीएसटी. मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळेल असं पोलोकरांनी गृहीत धरलं होतं; तो बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, तो बाई डॉक्टरकडेच राहिला. ॲव्हरेज गावात दहा-अकरा. मेव्हण्याच्या वॅगनआरची वर्षभराची सर्व्हिस आणि यांचा एक लोअर आर्म यांची बेरीज डायरीत शेजारी शेजारी लिहिलेली आहे. मुद्दाम.

पण पोलोकरांना नुसतं हसून सोडणं अन्यायाचं होईल. धाराशिवातून बाहेर पडून सोलापूरच्या बाजूला लागावं, रस्ता मोकळा असावा, पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेला ट्रॅक्टर असावा, आणि पोलोकरांनी पाय दाबावा. गाडी एका दमात पुढे जाते आणि स्टिअरिंग हातात जड, निश्चल राहतं. नव्वद-शंभरच्या वेगाला ती रस्त्याला चिकटून बसते. मेव्हण्याच्या गाडीत त्याच वेगाला सगळे बोलायचे थांबतात. सासऱ्यांना रात्री अकरा वाजता छातीत दुखायला लागलं, तेव्हा पोलोकरांनी सोलापूर गाठलं ते याच गाडीने, आणि मागे झोपलेल्या सासऱ्यांना तामलवाडीचा टोलनाका कधी गेला ते कळलं नाही. बरे झाल्यावर सासरे एवढंच म्हणाले, "गाडी चांगली आहे, पण पाय ठेवायला जागा नाही." पोलोत मागे पाय ठेवायला जागा नाही, हे खरंच आहे.

मग एका दिवाळीच्या तोंडावर घरात ठराव झाला, गाडी विकायची. वेळ वाईट निवडली. 2025 च्या सप्टेंबरात लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि साडेतीन लाखांच्या आत शोरूमच्या किमतीला नवी कोरी एस-प्रेसो दिसू लागली. जुन्या गाड्यांचे भाव घसरले. पोलोकरांनी तरी तीन लाखांचा आकडा लावला. नळदुर्गचा एक तरुण आला, बघितली, दार लावलं, पुन्हा लावलं. पोलोकरांच्या डोळ्यांत माया आली. तरुण म्हणाला, "आवडली. पण उद्या मिस्त्री घेऊन येतो, एकदा बघू द्या त्यांना."

दुसऱ्या दिवशी तो ज्या मिस्त्रीला घेऊन आला, तो सांजा रोडचाच.

मिस्त्री आणि पोलोकर एकमेकांकडे बघत राहिले. मिस्त्रीने घसा साफ केला, रिवाजाप्रमाणे बॉनेट उघडलं, वाकला, चाकाला हात लावला. गिऱ्हाईक जुनं, आणि पुढचंही आपल्याच हातचं. दोघांचंही मन राखायचं होतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं. "गाडीत खोट नाय," तो तरुणाला म्हणाला. "बुश नवे, आर्म नवे, कॉइल नवी, एसीची कॉइल नवी, काचेचं मशीन नवं, गिअरचा डबा पुण्याला उघडून आणलेला. बदलायचं काय राहिलंच नाय बघा."

तरुण हे ऐकून तीनवरून अडीचवर आला. एवढं सगळं एका गाडीत गेलं असेल तर पुढे काय काय जाईल, असा त्याचा विचार. पोलोकरांनीही तेच ऐकलं आणि त्याच क्षणी भाव साडेतीन केला.